चालती भिंत

ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना सामोरी जाण्यासाठी चारही भावंडे भिंतीवर बसून निघाली. आता भिंती चालवण्याचे काम इंटरनेटने हाती घेतले आहे. तुर्भ्यात नाल्याकडेच्या भिंतीवर कोणी रात्रीतून चित्र काढतो. दुसरा कोणी त्याचा फोटो काढून एखाद्या संकेतस्थळाला पाठवतो. फोटो निवडला गेला, तर ती भिंत दूरदेशीच्या माणसाच्या टेबलावर जाऊन उभी राहते. पण मधे एक दरवाजा असतो. आलेल्या ढिगातून कोणता फोटो घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवणारी माणसे त्या दरवाज्यावर बसलेली असतात. मंडळी, आज त्यांच्याविषयी बोलू या.

'ग्राफिटी' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. वर्तमानपत्रातल्या चुरचुरीत एका ओळीच्या सदरांनी तो घरोघर पोचवला. मूळ अर्थ मात्र भिंतीवरची अक्षरे आणि चित्रे असाच. ती जपणाऱ्या सर्वांत जुन्या संकेतस्थळांपैकी एक अमेरिकेत अटलांटा शहरात १९९४ साली सूझन फॅरेल यांनी सुरू केले. गुगलचा जन्म व्हायला तेव्हा चार वर्षे होती. संकेतस्थळाचे नावच 'आर्ट क्राइम्स'. कायद्याच्या लेखी जो गुन्हा, तो इथे कला म्हणून नोंदवला जाणार, असे त्या दोन शब्दांत सांगून टाकलेले. पुसल्या जाणाऱ्या चित्रांची आठवण राहावी, हा हेतू. अशी कामे बहुधा बिनपगारी स्वयंसेवकच करतात. दिवसा पोटाची नोकरी आणि रात्री जगभरच्या भिंती.

ते निवडतात कसे? मी कविता लिहिणारा माणूस. 'साभार परत' या दोन शब्दांशी आमच्या पिढीची चांगली ओळख. कविता परत आली, तरी तिची प्रत आपल्या वहीत असते. आज नाही तर उद्या, इथे नाही तर तिथे ती छापून येऊ शकते. भिंतीवरच्या चित्राला वही नसते. फोटो नाकारला आणि आठवड्याने भिंतीला चुना फासला, की संपले. म्हणून या कामात 'चित्र सुंदर आहे का' हा प्रश्न पहिला नसतो. पहिला प्रश्न असा, की या फोटोतून उद्या कोणाला काय कळेल?

त्यासाठी काही साध्या गोष्टी पाहिल्या जातात. फोटो समोरून, सरळ आणि पुरेशा उजेडात घेतला आहे का? चित्राची एकही कड कापलेली नाही ना? आजूबाजूचे थोडे दिसते का? शेजारची पानाची टपरी, वरून गेलेली वायर, खालचे गटार, हे सारे चित्राचा भाग असते. भिंत तिच्या गल्लीतून उपटून काढली, तर उरते ते नुसते कॅलेंडर. मग शहर, ठिकाण आणि साल. साल नसलेला फोटो म्हणजे तारीख नसलेले पत्र. शेवटी चित्रकाराचे नाव. तो जे नाव भिंतीवर टाकतो, तेच लिहायचे. त्याचे खरे नाव ठाऊक असले, तरी ते ओठांबाहेर काढायचे नाही.

त्यामागे कारण आहे. महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा १९९५ सालापासून आहे. परवानगीशिवाय रंगवलेल्या भिंतीचा फोटो प्रसिद्ध करताना चित्रकाराचा चेहरा, पत्ता वा मोटारसायकलचा नंबर दिसला, तर संकेतस्थळ पोलिसांचा पंचनामाच लिहून देईल. दुसरा पेच प्रताधिकाराचा. आपल्या १९५७ च्या कायद्यात सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध करायला मोकळीक आहे. भिंतीवरच्या रंगचित्राला मात्र ती स्पष्ट शब्दांत दिलेली नाही. मुंबईतले एक भित्तीचित्र एका विमा कंपनीने आपल्या जाहिरातीत वापरले, तेव्हा ते प्रकरण २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. चित्र रस्त्यावर आहे म्हणून ते बेवारस ठरत नाही. पाहायला सर्वांचे, विकायला नाही, एवढे भान निवडणाऱ्याला ठेवावे लागते.

आता अवघड भाग. काय नाकारायचे? एखाद्या जातीचा, धर्माचा वा बाईमाणसाचा अपमान करणारी भिंत बहुतेक ठिकाणी बाहेरच राहते. चित्राच्या वेषात आलेली जाहिरातही ओळखावी लागते. पण नियमाची दोरी किती ताणायची? २००९ साली स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास मुंबईत तुळशी पाईप रोडची, म्हणजे सेनापती बापट मार्गाची, रेल्वेलगतची लांबलचक भिंत रंगवायला शेकडो माणसे उतरली. 'वॉल प्रोजेक्ट' हा तरुणांचा गट आणि महापालिका यांचा तो उपक्रम. चित्रकार होते, विद्यार्थी होते, कधी ब्रश न धरलेलेही होते. अट अशी, की राजकारण, धर्म, जाहिरात आणि अश्लीलता नको. सरकारी भिंतीसाठी ती समजण्यासारखी आहे. पण नोंद ठेवणाऱ्याने हीच अट लावली, तर निषेधाची एकही भिंत त्याच्या दप्तरात येणार नाही. भिंत देणारा आणि भिंतीची आठवण ठेवणारा, या दोघांची कामे वेगळी आहेत. ती वेगळी ठेवणे, ही निवडणाऱ्याची खरी कसोटी.

आठवण ठेवल्याने काय होते, ते न्यूयॉर्कमध्ये दिसले. तिथल्या क्वीन्स भागातला '५ पॉइंट्झ' हा जुना कारखाना चित्रांनी नखशिखान्त भरलेला होता. जोनाथन कोहेन हा चित्रकार तिथला निवडणारा. नवख्याकडून आधी कामाचे नमुने मागवी. काही भिंती थोड्या दिवसांसाठी, काही दीर्घकाळासाठी देई. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने रातोरात सगळ्यावर पांढरा रंग फिरवला. २१ चित्रकार न्यायालयात गेले. चित्रे तर राहिली नव्हती. होते ते त्यांचे फोटो आणि झालेल्या प्रसिद्धीची कागदपत्रे. २०१८ साली न्यायालयाने ४५ चित्रांसाठी साडेसदुसष्ट लाख डॉलर्सची भरपाई मंजूर केली. २०२० साली वरच्या न्यायालयाने ती कायम केली. पुसलेली भिंत अशी साक्ष द्यायला उभी राहिली.

पण ही साक्ष कोणाच्या वाट्याला येते? निवडणारे स्वयंसेवक बहुधा शहरी, शिकलेले, इंग्रजी येणारे. त्यांच्या नजरेला स्प्रेचा डबा पटकन दिसतो, पत्र्याच्या डब्यातला ब्रश दिसत नाही. आमच्या तुर्भ्याचेच पाहा. बाजार समितीच्या आवारात देशभरचे ट्रक येतात. त्यांच्या पाठीवर कमळ, मोर, गरुड, शेरोशायरी आणि आईचा आशीर्वाद. ट्रक ही तर खरोखरची चालती भिंत. तिच्यावरचे 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द काढून टाकण्याचा आदेश महाराष्ट्रात २०१५ साली निघाला. ती अक्षरे कितीतरी तऱ्हांनी, कितीतरी वळणांनी लिहिली गेली होती. लिहिणारे पेंटर कोण, याची यादी कोणी केली? सलूनच्या काचेवरची, गॅरेजच्या शटरवरची, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या भिंतीवरची अक्षरेही हाताने काढलेलीच. फ्लेक्स आला आणि तो हात रिकामा झाला. स्वच्छता अभियानात नवी मुंबईच्या भिंती रंगल्या, काही ठिकाणी मराठी कवितेच्या ओळीही झळकल्या, हे छानच झाले. पण तिथेही कवीचे नाव वाचले जाते. रंगवणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

म्हणून निवडणाऱ्यांनी आपल्याच नजरेवर एक पहारेकरी बसवावा. शंभर फोटोंत सगळे एकाच वस्तीतले, एकाच पद्धतीचे दिसू लागले, की दरवाजा अरुंद झाला असे समजावे. नाकारताना कारण कळवावे. 'साल नाही', 'कड कापली आहे', असे एक वाक्य पुरते, आणि पाठवणारा पुढच्या खेपेला शहाणा होऊन येतो.

आणि आपण? आपल्या खिशात मोबाइल आहे. रोजच्या वाटेवरची एखादी रंगीत भिंत असेल, तर समोर उभे राहून तिचा एक सरळ फोटो घ्या. खाली ठिकाण आणि तारीख लिहा. रंगवणारा भेटलाच, तर त्याला चहा सांगा, नाव विचारा आणि ते लिहू का, हेही विचारा. चुन्याची बादली घेऊन माणूस कधी येईल, ते सांगता येत नाही.