आधी सांगितलं असतं तर...

आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रात रुजू झाले, तेव्हा माझी समजूत होती की तांबी बसवली, रजिस्टरात नोंद केली, की काम संपलं. एका बाळंतिणीने ती समजूत मोडली. सव्वा महिन्यानंतर तिला तांबी बसवली आणि 'काही त्रास होत नाही' असं सांगून घरी पाठवलं. पहिल्याच पाळीला अंगावरून जास्त गेलं, पोटात कळा आल्या, सासूबाई घाबरल्या. तिने तांबी दुसरीकडे काढून घेतली आणि चार महिन्यांत पुन्हा दिवस राहिले. मांडीवरचं मूल वर्षाचंही नव्हतं. "बाई, आधी सांगितलं असतं तर मी कळ सोसली असती," एवढंच ती म्हणाली.

तेव्हापासून मी आधी त्रास सांगते, मग फायदा. तांबीने पहिले ३ ते ६ महिने पाळीत जास्त जाऊ शकतं, पुढे बहुधा कमी होतं. '३८० ए' तांबी मात्र १० वर्षं चालते. 'छाया' गोळी पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. तिने पाळी लांबू शकते. 'अंतरा' इंजेक्शन दर ३ महिन्यांनी. त्याने पाळी अनियमित होते, कधी थांबतेही, आणि मग 'रक्त पोटात साठतंय' ही भीती घरभर पसरते. रक्त साठत नाही. गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, बाहेर पडायला काही नसतं. इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला ७ ते १० महिने लागू शकतात, हेही सांगायलाच हवं.

हे सगळं बाकावर शेजारीण बसलेली असताना विचारणार कोण? बायका बाळाच्या डोसाचं निमित्त काढून येतात. म्हणून मी कोपऱ्यात पडदा लावून घेतला. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षं उलटली, आवाज अजून हळूच आहे.

पुरुष तर पडद्याजवळही येत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्रीनसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के होतं, पुरुषांच्या नसबंदीचं ०.३! बिनटाक्याच्या नसबंदीने ताकद जात नाही. फक्त पुढचे ३ महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्यतपासणी करून घ्यायची.

परवा एक जण बायकोचं कार्ड घेऊन आला. "हिच्या इंजेक्शनची तारीख कधी?" मी तारीख सांगितली आणि म्हटलं, "दादा, बसा जरा."