घरातली सायकल आणि हलक्या दिवसाचे मोल

नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. अशा पल्ल्याचा पाया दमछाकीपेक्षा दीर्घकाळच्या संथ सायकलिंगावरच घातला जातो. पण हा सराव रस्त्यावर नेहमीच जमत नाही; लासलगावात कांद्याच्या हंगामात रस्ते ट्रॅक्टरांनी भरून जातात, तेव्हा ‘होम ट्रेनर’, म्हणजे सायकल जागीच ठेवून चाकाला अवरोध देणारे यंत्र, सोयीचे ठरते. मात्र त्यावर उतार नसतो, पाय क्षणभरही थांबत नाहीत आणि वारा नसल्याने शरीर तापून नाडी चढते, म्हणून पंखा अत्यावश्यकच.

अव्वल सहनशक्ती-खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांना सुमारे ८० टक्के सत्रे हलकी आणि उरलेली कठीण आढळली. हलके म्हणजे सलग वाक्ये बोलता येतील इतके, साधारणतः उंबरठा-शक्तीच्या, म्हणजे सुमारे तासभर टिकवता येणाऱ्या कमाल वॅटच्या, ७५ टक्क्यांखाली. आठवड्यातून तीनच दिवस मिळणाऱ्याने हे प्रमाण काटेकोर पाळण्याचे कारण नाही. परंतु दोन कठीण सत्रे लागोपाठ घेणे शक्यतो टाळावे, कारण स्नायूंची दुरुस्ती व पेशींमधील ऊर्जाकेंद्रांची वाढ मुख्यतः विश्रांतीत होते. त्याच वॅटला नाडी नेहमीपेक्षा बरीच वर दिसली, तर त्या दिवशीचे कठीण सत्र पुढे ढकलावे.