संगणक नसलेल्या घरात ई-मेल



हल्ली तुमच्यापुढे येणाऱ्या बहुतेक अर्जांवर एक नवा रकाना असतो: ‘ई-मेल पत्ता’. बँकेचा अर्ज घ्या, ठिबक संचाच्या नोंदणीचा कागद घ्या, नाहीतर माती तपासणीची चिठ्ठी घ्या. बरेच जण हा रकाना कोरा सोडतात. काही जण गावातल्या झेरॉक्सवाल्याचा पत्ता लिहून मोकळे होतात. “आमच्या घरी कुठला आलाय संगणक?” असे म्हटले की विषय संपतो. पण ई-मेलसाठी घरात संगणक लागतोच, ही समजूत चुकीची आहे. साधे, स्वस्त आणि आजीलाही वापरता येईल असे साधन घरात कसे बसवावे आणि शेतीसाठी त्याचा नेमका काय उपयोग करून घ्यावा, ते आज पाहू.

आधी हे टपाल चालते कसे ते समजून घ्या. टपाल कचेरीत भाड्याची पत्रपेटी मिळते, हे तुम्हाला ठाऊक असेल. पत्रे त्या पेटीत पडून राहतात आणि आपण आपल्या सवडीने किल्ली लावून ती काढून आणतो. ई-मेलचेही तसेच आहे. तुमची पेटी कंपनीच्या दूरवरच्या मोठ्या यंत्रावर असते, पत्ता हे तिचे नाव आणि पासवर्ड ही तिची किल्ली. संगणक हे त्या पेटीपर्यंत जाण्याचे एक वाहन झाले. बैलगाडीने जा, सायकलीने जा, पेटी तीच राहते. अमेरिकेत १९७१ साली रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर असे पत्र पहिल्यांदा धाडले. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ती गोल शेपटीची ‘अ‍ॅट’ खूण त्यानेच घातली. ती आजही प्रत्येक पत्त्यात असते.

संगणकाशिवाय ही पेटी उघडण्याची यंत्रे परदेशात पंचवीस वर्षांपूर्वीच निघाली. अमेरिकेत १९९९ च्या सुमारास सिडको नावाच्या कंपनीने (आपल्या सिडकोशी तिचा काही संबंध नाही) ‘मेलस्टेशन’ काढले. वहीएवढे यंत्र, त्यावर टंकलेखनाची बटणे आणि एक छोटी पट्टीसारखी काच. घरच्या टेलिफोनची तार त्यात खोचायची. एक बटण दाबले की यंत्र स्वतःच फोन लावी, आलेली पत्रे उतरवून घेई, लिहिलेली पत्रे धाडी आणि फोन ठेवून देई. मग पत्रे निवांत वाचत बसा, फोनचे बिल चढत नाही. साध्या सेलवरही ते चाले. त्यात चित्रे दिसत नसत, नुसती अक्षरे. किंमत शंभर डॉलरच्या आसपास होती आणि दरमहा दहा डॉलरच्या आसपास वर्गणी होती. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे २००० साली, इंग्लंडमध्ये अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीच्या अ‍ॅलन शुगर यांनी टेलिफोन आणि ई-मेल एकत्र असलेले यंत्र बाजारात आणले. यंत्र स्वस्तात विकायचे आणि पत्रे तपासण्याच्या प्रत्येक फोनमागे पैसे घ्यायचे, असा तो हिशेब होता. स्वस्त बियाणे देऊन पुढे औषधावर वसूल करणारा दुकानदार आपण पाहतोच.

त्यातल्या त्यात मला आवडलेले यंत्र म्हणजे ‘प्रेस्टो’. ते २००६ साली आले आणि छपाईचे यंत्र एचपी कंपनीने केले होते. त्याला बटणांचा पट्टा नव्हता, काच नव्हती. टेलिफोनच्या तारेला जोडून ठेवले की ते ठरावीक वेळी आपणहून पेटी पाहून येई आणि आलेले पत्र, फोटोसकट, कागदावर छापून बाहेर टाकी. आजोबांनी फक्त कागद उचलायचा. आणखी एक शहाणपणाची सोय त्यात होती. घरच्यांनी ज्यांची नावे नोंदवली असतील त्यांचीच पत्रे आत येत, बाकीची बाहेरच्या बाहेर परत. जाहिराती नाहीत, लॉटरी लागल्याच्या थापा नाहीत.

मग ही यंत्रे गेली कुठे? प्रेस्टोची सेवा २०१३ साली बंद पडली आणि त्या दिवसापासून घरोघरची ती यंत्रे नुसती खोकी झाली. कारण यंत्राचे टपाल त्याच एका कंपनीच्या दारातून येत होते. हा मुद्दा नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे साधन निवडताना तो कामी येणार आहे. पत्ता एकाचा आणि यंत्र दुसऱ्याचे असेल तर यंत्र मोडले तरी पत्ता राहतो. दोन्ही एकाच खुंटीला बांधले तर खुंटीबरोबर दोन्ही जातात.

आपल्याकडे टपाल खात्याने वेगळी वाट धरली होती. २००४ साली ‘ई-पोस्ट’ सुरू झाली. तुम्ही कागदावर हाताने लिहून टपाल कचेरीत द्यायचे, तिथला कारकून त्याची प्रतिमा तारेवरून गावाजवळच्या कचेरीत धाडायचा आणि तिथे छापलेले पत्र पाकिटात घालून पोस्टमन दारात आणून द्यायचा. पाठवणाऱ्याकडे संगणक नाही, घेणाऱ्याकडेही नाही, तरी पत्र मात्र विजेच्या वेगाने!

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना वारणेची हकीकत आठवत असेल. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातल्या सत्तर गावांत संगणकाची केंद्रे उघडण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजनाची माहिती गावातच मिळावी हा हेतू. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी पाहिले, की ही मोठी यंत्रे प्रत्यक्षात थोड्याच कामासाठी वापरली जात आहेत. त्यांनी सात गावांत संगणक बाजूला सारून साध्या मोबाईलवरच्या संदेशाने तेच काम करून दाखवले. ठरलेला सांकेतिक शब्द पाठवला की उसाचा आकडा उत्तरात परत. खर्च कमी झाला आणि शेतकऱ्याला केंद्रापर्यंत पायपीट राहिली नाही. मोठे यंत्र म्हणजे मोठे काम असे नसते, हे नांगर आणि कोळपे दोन्ही वापरणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता तुमच्या घराकडे वळू.

आज त्या परदेशी यंत्रांची जागा घेणारी दोन साधने आहेत. पहिले म्हणजे बटणांचा ४-जी फोन. २०१७ साली आलेल्या जिओफोनमध्ये काय-ओएस नावाची व्यवस्था होती आणि तीत ई-मेलची सोय होती. बटणांच्या सगळ्याच फोनांत ती नसते. म्हणून घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. त्याच्यासमोर स्वतःचा पत्ता घालून एक पत्र पाठवा, एक मागवा आणि मगच पैसे द्या. आणखी एक अडचण ठाऊक असू द्या. मे २०२२ अखेरपासून गुगलने नुसत्या नाव-पासवर्डवर दुसऱ्या कुठल्याही साधनातून जीमेल उघडू देणे बंद केले. त्यामुळे काही जुन्या फोनांत पासवर्ड बरोबर असूनही पेटी उघडत नाही. दोष तुमच्या बोटांचा नसतो. दुहेरी पडताळणी चालू करून त्या फोनपुरता वेगळा पासवर्ड काढता येतो. हे काम जाणकाराकडून एकदाच करून घ्यावे.

दुसरे साधन मला जास्त पसंत आहे. मुलाने नवा फोन घेतला की जुना काचेचा फोन कपाटात पडतो. तो काढा. त्यातली खेळांची, गाण्यांची सगळी चिन्हे काढून टाका आणि समोर एकच चिन्ह ठेवा, टपालाचे. अक्षरे मोठी करा. देवळीजवळ किंवा ओट्यापासून लांब, पाण्याचा शिंतोडा उडणार नाही अशा फळीवर तो उभा करून ठेवा. हा घराचा फोन, कुणाच्या खिशातला नव्हे. इंटरनेटसाठी घरातल्या दुसऱ्या फोनचे हॉटस्पॉट दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे चालू केले तरी पुरते. पत्रे तेवढ्यात उतरतात आणि नंतर वाचता येतात, अगदी त्या मेलस्टेशनसारखी. फोन फारच जुना असेल तर त्यात टपालाचे अ‍ॅप चालत नाही, ते आधी तपासा. आणि फोनची पाठ फुगलेली दिसली तर बॅटरी खराब झाली आहे असे समजा. तसला फोन घरात चार्जिंगला लावू नका.

छपाईचे काय, असे कोणी विचारील. स्वतःचा ई-मेल पत्ता असलेले प्रिंटर एचपीने २०१० साली आणले होते. त्या पत्त्यावर पत्र पाठवले की थेट कागद बाहेर येई. एका कुटुंबाने एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही. शाई वाळते, कागदाला दमट हवा लागते. सोसायटीच्या कचेरीत मात्र असे यंत्र शोभेल.

किल्लीविषयी चार गोष्टी स्पष्ट सांगतो, कारण इथेच लोक फसतात. पत्ता दुसऱ्याने काढून दिला, पासवर्ड त्याच्याच वहीत आहे आणि पडताळणीचा मोबाईल नंबरही त्याचाच आहे, असे असंख्य शेतकऱ्यांचे चित्र मी पाहतो. तो मुलगा नोकरीला शहरात गेला की पेटीला कुलूप लागते आणि आत बँकेची पत्रे. पत्ता घरात बसून काढा. नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या ज्याचे सिम बंद पडत नाही. प्रीपेड सिम नव्वद दिवस वापरले नाही तर ते बंद होऊ शकते आणि तोच नंबर पुढे परक्याला मिळतो. पासवर्ड कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवला तरी चालेल, फोनच्या पाठीवर चिकटवू नका. दोन वर्षे न उघडलेली वैयक्तिक खाती गुगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले आहे, तेव्हा काही काम नसले तरी मधूनमधून पेटी उघडत जा. प्रेस्टोसारखी नावांची गाळणीही लावता येते. मुलगा, मुलगी, जावई, बँक, कृषी विज्ञान केंद्र, एवढ्यांची पत्रे एका कप्प्यात आणि बाकी सगळी दुसऱ्यात. आजीला पहिलाच कप्पा दाखवावा. आणि मोबाईलवर आलेला ओटीपी पत्रातून कोणी मागितला, मग तो स्वतःला बँकेचा साहेब म्हणवो की आणखी कुणी, तर उत्तर देऊ नका.

आता आमच्या खात्याच्या कामाचे. कृषी विज्ञान केंद्राला किंवा विद्यापीठाच्या तज्ज्ञाला ई-मेलने प्रश्न विचारणे फार सोयीचे आहे. फोनवर सांगितलेले अर्धे विसरते, पत्रातले औषधाचे प्रमाण लेखी राहते. पण “डाळिंबावर रोग पडला आहे, काय मारू?” एवढ्या ओळीवर कोणीही धड उत्तर देऊ शकत नाही. तेल्या आणि बुरशीचा डाग यांच्या उपायात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चुकीच्या औषधाचा खर्च तर होतोच, शिवाय रोगाला आठ दिवस मोकळे रान मिळते. म्हणून पत्रात हे लिहा: पीक आणि जात, लागण किंवा बहार धरल्याची तारीख, किती झाडांवर किंवा किती गुंठ्यांत लक्षण आहे, पहिल्यांदा कधी दिसले, आठवड्यात पाऊस किंवा धुके होते का, पाणी कसे देता, आणि मागच्या तीन फवारण्यांत काय किती मारले. शेवटची गोष्ट लोक लपवतात. दुकानदाराने दिलेली तीन बाटल्यांची भेळ मारली असेल तरी ती लिहा, वैद्यापासून दुखणे लपवून काय मिळणार?

फोटो तीन काढा. एक पूर्ण झाडाचा, एक रोगट फांदीचा, एक पानाचा किंवा फळाचा जवळून. पानाच्या दोन्ही बाजू दिसू द्या, कारण भुरी आणि केवडा ओळखताना पानाची खालची बाजूच बोलते. शेजारी रुपयाचे नाणे ठेवा म्हणजे डागाचा आकार कळतो. भर उन्हात काच चमकते, म्हणून सावलीत फोटो घ्या. बटणांच्या फोनचा कॅमेरा फार जवळ नेला तर चित्र धूसर येते, हात-दीड हात अंतर ठेवा. एका पत्रात एकाच पिकाचा प्रश्न असावा आणि विषयाच्या ओळीत गाव, पीक, लक्षण लिहावे. दिवसाला ढीगभर पत्रे उघडणाऱ्या माणसाला ती ओळ पाहूनच कुठले आधी उघडावे ते समजते.

ज्यात एक दिवसही थांबता येत नाही, त्यासाठी पत्र नको. किसान कॉल सेंटर २००४ सालापासून आहे आणि त्याचा नंबर १८००-१८०-१५५१ आहे. तो फुकट आहे, सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत चालतो आणि मराठीत बोलता येते.

पत्र शक्यतो देवनागरीतच लिहा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिले की ‘पान’ आणि ‘पण’, ‘मळ’ आणि ‘माल’ सारखेच दिसतात आणि वाचणारा गोंधळतो. देवनागरी टंकणे जमत नसेल तर वहीच्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहून त्याचाच फोटो जोडा, तेही चालते. उत्तर आले की घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडून ते मोठ्याने वाचून घ्या आणि आकडा दोनदा वाचायला सांगा: मिली आहे की ग्रॅम, दहा लिटर पाण्याला आहे की एकराला. तो आकडा फवारणीच्या वहीत तारखेसह उतरवा आणि मगच पंपाला हात लावा.