इमारतीचा जन्मापासून अखेरपर्यंतचा कार्बन-हिशेब

बँकेत गृहकर्जाच्या फायली हाताळताना एक गोष्ट माझ्या नेहमी लक्षात येते. अर्जासोबत बांधकामाचे अंदाजपत्रक जोडलेले असते. सिमेंट किती गोणी, सळई किती टन, विटा किती हजार, मजुरी किती, आणि शेवटी साऱ्याची रुपयांत बेरीज. परंतु एवढे सामान तयार होताना किती कोळसा जळाला आणि पुढे ती इमारत वापरताना किती जळणार आहे, याचा रकाना त्या कागदावर कुठेच नसतो. हा रकाना कसा भरावा, हे सोप्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. मी अभियंता नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. पण हा विषय मुळात जमाखर्चाचा आहे आणि जमाखर्च समजण्यास गुणाकार व बेरीज पुरते.

हा विषय आपला का?

कोणी म्हणेल, हवामानबदल हा मोठ्या राष्ट्रांचा प्रश्न, आपल्या वस्तीचा त्याच्याशी काय संबंध? संबंध असा की, वाढत्या उन्हाचा पहिला चटका पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्याला बसतो. पावसाचे पाणी प्रथम सखल वस्तीत शिरते. शिवाय आपले कितीतरी बांधव गवंडीकाम, सेंटरिंग, रंगकाम करतात. अनेक मुले-मुली स्थापत्य शाखेची पदविका घेत आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन त्यात शाश्वत इमारतींच्या संहितेची तरतूद आली. तेव्हा उद्या हा हिशेब करणाऱ्या माणसांची गरज लागणार आहे. ते काम आपल्या मुलांनी का करू नये?

हिशेबाचे चार भाग

इमारतीच्या या हिशेबासाठी युरोपात २०११ साली ‘ईएन १५९७८’ हे मानक निघाले. ब्रिटनमधील सर्वेक्षकांच्या ‘आरआयसीएस’ या संस्थेने त्यावर आधारित नियम २०१७ साली काढले व २०२३ साली त्यांची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यात इमारतीचे आयुष्य ६० वर्षे धरून चार भाग पाडले जातात.

पहिला भाग जन्माचा. यात सामान तयार करणे, ते जागेवर आणणे व प्रत्यक्ष बांधणे येते. दुसरा भाग वापराचा. यात वीज, पाणी, रंगरंगोटी, गळतीची दुरुस्ती, मोडलेल्या वस्तू बदलणे येते. तिसरा भाग अखेरचा, म्हणजे पाडकाम व राडारोडा वाहून नेणे. चौथा भाग इमारत गेल्यानंतरचा. तिच्या सळया, दारे, विटा पुन्हा कामी आल्या तर जो लाभ होतो, तो या भागात वेगळा दाखवतात. मुख्य बेरजेत तो मिसळत नाहीत.

निरनिराळे वायू कमी-अधिक प्रमाणात उष्णता धरून ठेवतात. म्हणून सर्वांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडच्या वजनात करतात. रुपये, डॉलर, पौंड एकाच चलनात आणून बेरीज करावी, तसेच हे आहे.

सिमेंटचा धूर कोठून येतो?

विद्यार्थ्यांनी येथे रसायनशास्त्राचे पुस्तक आठवावे. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो व ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू जळणाचा नव्हे, दगडातलाच आहे. म्हणून भट्टी कोळशाऐवजी दुसऱ्या कशावर चालवली तरी तो थांबत नाही. जळणाचा धूर त्यावर आणखी. त्यामुळे साध्या, म्हणजे ओपीसी सिमेंटच्या एका किलोमागे सुमारे ०.९ किलो कार्बन धरावा लागतो.

पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के भाग औष्णिक वीज केंद्रातील राखेचा असतो. राख भाजावी लागत नाही, म्हणून त्याचा आकडा बराच खाली येतो. ०.६५ धरायला हरकत नाही.

एक उदाहरण

समजा, आपल्या एखाद्या वस्तीत तळमजला व वर एक मजला असे २,००० चौरस फुटांचे सभागृह व अभ्यासिका बांधायची आहे. खालील आकडे समजण्यापुरते ढोबळ धरले आहेत. प्रत्यक्षात ते नकाशावरून व पुरवठादाराच्या कागदांवरून घ्यावेत.

सिमेंट ८०० गोणी, म्हणजे ४० टन. ०.९ ने गुणले की ३६ टन कार्बन.
सळई ८ टन. भारतातील पोलादाला टनामागे सुमारे २.५ टन धरले की २० टन.
विटा १६,०००. एका विटेमागे ०.४ किलो धरल्यास ६.४ टन.
रेती, खडी, लाद्या, रंग, खिडक्या, वाहतूक व बांधताना लागलेली वीज-डिझेल मिळून ७.६ टन.
जन्माच्या भागाची बेरीज ७० टन. त्यात सिमेंट व सळई या दोघांचाच वाटा ५६ टन, म्हणजे ८० टक्के.

आता वापर. महिन्याला ३०० युनिट म्हणजे वर्षाला ३,६०० युनिट. आपल्या देशात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन निघतो. वर्षाला सुमारे अडीच टन, ६० वर्षांत १५१ टन. दुरुस्ती व रंगकामाचे १५ टन आणि पाडकामाचे ४ टन धरले, तर एकूण २४० टन होतात. ६० ने भागले की दरवर्षी ४ टन.

यावरून वाटेल की वीज हाच मोठा खर्च, बांधकामाचा वाटा फक्त २९ टक्के. पण वीज हळूहळू सौर व पवनऊर्जेकडे वळत आहे. ६० वर्षांतील सरासरी निम्म्यावर आली, तर विजेचे १५१ टन सुमारे ७५ वर येतील आणि बांधकामाचा वाटा ४३ टक्क्यांवर जाईल. दुसरे असे की, वीज हप्त्याहप्त्याने खर्च होते व मध्येच सुधारता येते. जन्माचे ७० टन मात्र पहिल्याच वर्षी हवेत जातात. हे असे कर्ज आहे की त्याची मुदतपूर्व परतफेड नाही आणि माफीही नाही. म्हणूनच हा हिशेब नकाशा कागदावर असतानाच करायचा. स्लॅब पडल्यावर केलेला हिशेब म्हणजे पैसे संपल्यावर पासबुक पाहणे होय.

याच उदाहरणात ओपीसीऐवजी पीपीसी सिमेंट वापरले तर ३६ टनांचे २६ टन होतात. वाचलेले १० टन म्हणजे त्या सभागृहाची चार वर्षांची वीज. मात्र पीपीसीची ताकद सावकाश येते. भारतीय मानकाप्रमाणे ओपीसीच्या कामाला किमान ७ दिवस, तर पीपीसीच्या कामाला किमान १० दिवस पाणी मारावे लागते आणि कडक उन्हाच्या कोरड्या हवेत १४ दिवस. येथे कसूर झाली तर कार्बन वाचला पण इमारत कच्ची राहिली, असे व्हायचे.

भागाकार विसरू नका

आतापर्यंत आपण बेरीज केली. आता भागाकाराकडे पाहू. हेच सभागृह ३० वर्षांत पाडावे लागले, तर जन्माचे ७० टन ६० ऐवजी ३० वर्षांवर वाटले जातील. पहिल्या रीतीने दरवर्षी १.१७ टन, दुसऱ्या रीतीने २.३३ टन. शिवाय नव्या इमारतीसाठी आणखी ७० टन लागतील ते वेगळेच.

आपल्या भिवंडीने हा भागाकार फार क्रूर रीतीने पाहिला आहे. धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे माणसे झोपेत असताना कोसळली. ती १९८४ साली बांधलेली होती. वय अवघे ३६ वर्षे. जवळपास चाळीस जीव गेले. त्या दुःखापुढे कार्बनची गोष्ट काढणेही लहान वाटते. पण कच्चे बांधकाम, गळती, गंजलेली सळई व टाळलेली दुरुस्ती ही माणसांचा जीव घेतात आणि पृथ्वीचेही नुकसान करतात. दोन्हींवरचा उपाय एकच आहे, पक्के बांधणे आणि वेळेवर दुरुस्त करणे.

याउलट मुंबईतील बीडीडी चाळी पाहा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील या २०७ चाळी १९२० च्या दशकातल्या. आपल्या समाजाच्या तीन-चार पिढ्या तेथे १६० चौरस फुटांच्या खोल्यांत वाढल्या. आता तेथे पुनर्विकास चालू असून वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. नवे घर ५०० चौरस फुटांचे आहे. कार्बन वाचावा म्हणून त्या कुटुंबांनी एका खोलीतच राहावे, असे कोणी म्हणू नये. ऐसपैस घर हा त्यांचा हक्क आहे. हिशेब एवढेच सांगतो की, जुनी चाळ जवळजवळ शंभर वर्षे उभी राहिली, तर नवी इमारतही तेवढी टिकली पाहिजे.

काय विचारावे?

संस्था किंवा सोसायटी बांधकामाचा करार करण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारू शकते.

जुनी इमारत पाडायलाच हवी का? स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या तपासणीत ती दुरुस्त होण्याजोगी निघाली, तर दुरुस्ती सहसा कमी कार्बनची ठरते. धोकादायक ठरली, तर तेथे एक दिवसही राहू नये.

सिमेंट कोणते? सळई भंगारापासून की खनिजापासून? भंगारापासूनच्या सळईचा आकडा बराच कमी असतो. जालन्याच्या कारखान्यांत भंगाराबरोबर कोळशावर तयार केलेले स्पंज आयर्नही वापरतात, म्हणून तोंडी उत्तरावर न थांबता कागद मागावा.

विटा कोणत्या? राखेच्या विटा चालतील का? वीटभट्टीचा प्रश्न धुराचा तर आहेच, पण माणसांचाही आहे. आपल्याच तालुक्यात उचल घेऊन भट्टीवर राबणारी कातकरी कुटुंबे आहेत. त्यांचे कष्ट कोणत्याही कार्बनच्या रकान्यात मावत नाहीत, म्हणून ते आपण लक्षात ठेवायचे.

वापराचा खर्च कसा घटेल? पश्चिमेच्या खिडकीला छज्जा, समोरासमोर खिडक्या, गच्चीला पांढरा लेप. साध्या ७५ वॉटऐवजी ३० वॉटचे दहा पंखे, रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस चालले, तर १,०८० युनिट वाचतात. म्हणजे दरवर्षी पाऊण टन.

अखेरीची गोष्ट

राहिला चौथा भाग. विनयपिटकात भदंत आनंद व राजा उदयन यांची कथा आहे. एवढी चीवरे मिळाली, त्यांचे करणार काय, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती देऊ. मग जुन्या चीवरांचे? त्यांच्या चादरी. जुन्या चादरींच्या गादीच्या खोळी, त्यांची बसकरे, पायपुसणी, फडकी, आणि शेवटी चिंध्या चिखलात मळून जमीन सारवू. वस्तूच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब याहून सोपा कोणी सांगितला असेल असे मला वाटत नाही. पाडलेल्या इमारतीची दारे-खिडक्या, सळया व विटा यांचे काय करणार, हे बांधतानाच ठरवणे म्हणजे तोच हिशेब.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती. आपल्या ओळखीच्या एखाद्या बांधकामाचे अंदाजपत्रक मिळवा. उजवीकडे एक रकाना आखा व वर सांगितल्याप्रमाणे गुणाकार करून तो भरा. आकडा ढोबळ आला तरी चालेल. रिकामा रकाना पाहून कोणी प्रश्न विचारत नाही, भरलेला पाहून विचारतो.