पूजेतला धोत्रा आणि घरातील ज्येष्ठ

महाशिवरात्रीला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाच्या दर्शनास आपण गेला असाल, किंवा धुळ्यात पांझरेकाठच्या एखाद्या शिवालयात, तर बेलासोबत धोत्र्याचे काटेरी फळही वाहिले असेल. घरच्या पूजेतले असे फळ पुढे कित्येक दिवस देव्हाऱ्यापाशी सुकत पडते. आमची विनंती त्या फळाविषयी आहे.

संस्कृतात धोत्र्याला ‘कनक’ म्हणतात, तसेच ‘उन्मत्त’ही, हे दुसरे नाव अनुभवातूनच आले असावे. आयुर्वेदाने त्याची गणना उपविषांत केली व शोधन केल्यावाचून तो वापरू नये असे सांगितले. श्वासविकारावरील कनकासवात धोत्रा असतो. दम्यासाठी त्याचा धूर ओढण्याची रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनमध्ये पोहोचली आणि पुढे तेथे दम्याच्या सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या. आजच्या इनहेलरमधील इप्राट्रोपियम हे औषधही धोत्र्यातील ॲट्रोपिनपासूनच घडविलेले आहे. तेव्हा ‘आजोबांना पानांची धुरी द्या’ हा शेजारचा सल्ला अगदीच निराधार नव्हे. परंतु तो ऐकू नये. झाडागणिक विषाचे प्रमाण बदलते, आणि ते घरी मोजता येत नाही. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांना तर अल्प मात्राही बाधू शकते. सर्दी-खाजेच्या किंवा लघवी आवरण्याच्या काही गोळ्यांचा परिणामही त्याच जातीचा असल्याने दोहोंची भर पडते.

विषबाधा ओळखणे मात्र कठीण. तोंडाला कोरड, लाल व तापलेली कोरडी त्वचा, जलद नाडी, तुंबलेली लघवी, असंबद्ध बोलणे, हवेत काही पकडू पाहणे. जळगावच्या वैशाखात, पारा पंचेचाळिशीकडे झुकला असता, घरचे याला ऊन लागले म्हणतील. ऐंशीच्या आजींच्या बाबतीत ‘वय झाले’ म्हणतील. अशा वेळी डोळ्यांकडे पाहावे. बाहुल्या मोठ्या झालेल्या असून प्रकाशातही लहान होत नसतील, तर धोत्र्याची शंका घ्यावी. अर्थात निदानात वेळ दवडू नये. उष्माघात असला तरी रुग्णालय गाठावेच लागते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, उलटी करवू नये, तोंडाने काही पाजू नये. फळाचा वा पानाचा उरलेला तुकडा आणि रोजच्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी.

आणि देव्हाऱ्यापाशी सुकणारे ते फळ, नातवंडांच्या हाती त्याच्या बिया लागण्याआधी, आजच खोल मातीत पुरावे.