पोलाद, आरमार आणि भीती : ब्रिटन–जर्मनी स्पर्धेची चार दशके

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटन ही जगातील निर्विवाद महासत्ता होती. जगातील सर्वांत मोठे साम्राज्य, सर्वांत मोठा व्यापारी जहाजांचा ताफा आणि सर्वांत बलाढ्य आरमार तिच्याकडे होते आणि दूरदूरच्या देशांतील रेल्वेमार्गांना व गोद्यांना लागणारे भांडवल लंडनच्या पेढ्यांतून उभे राहत होते. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यातील आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली आणि लहानमोठ्या संस्थानांत विभागलेल्या प्रदेशातून युरोपच्या मध्यभागी एक नवी सत्ता उभी राहिली. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी या दोन सत्ता परस्परांविरुद्ध युद्धात उतरल्या. व्यापारातील चुरशीतून हे युद्ध अटळपणे उद्भवले, असा समज आजही आढळतो. या चार दशकांचा ताळेबंद बारकाईने तपासला, तर मात्र निराळेच चित्र दिसते : बाजारपेठेने या दोन राष्ट्रांना एकमेकांत गुंतवले होते आणि त्यांना एकमेकांपासून तोडले ते शस्त्रास्त्रांविषयीच्या काही हेतुपुरस्सर निर्णयांनी.

पोलादाच्या भट्ट्या आणि रसायनांच्या प्रयोगशाळा

१८७१ मध्ये जर्मनीची लोकसंख्या सुमारे ४ कोटी १० लाख होती. १९१४ पर्यंत ती सुमारे ६ कोटी ७० लाखांवर गेली. या वाढीला उद्योगाची जोड मिळाली, आणि तिच्या मुळाशी असलेला एक महत्त्वाचा शोध ब्रिटिशांचाच होता. लोरेन प्रांतातील लोहखनिजात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असल्याने त्यापासून बनलेले पोलाद ठिसूळ होत असे. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस भट्टीला क्षारधर्मी अस्तर लावून फॉस्फरस वेगळा काढण्याची पद्धत सिद्ध केली आणि तिचा सर्वाधिक लाभ लोरेनचे खनिज व रूर खोऱ्यातील कोळसा हाताशी असलेल्या जर्मन कारखानदारांनी उठवला. १८९०च्या दशकात जर्मनीने पोलादाच्या उत्पादनात ब्रिटनला मागे टाकले. १९१३ मध्ये जर्मनीचे उत्पादन सुमारे १ कोटी ७० लाख टन होते, तर ब्रिटनचे त्याच्या निम्म्याहूनही कमी होते.

रसायनांच्या क्षेत्रातही असेच घडले. दगडी कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम रंग १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन याने शोधला. परंतु विद्यापीठातील संशोधक आणि कारखाना यांना एकत्र जोडणारी व्यवस्था जर्मनीत उभी राहिली आणि बायर, होएक्स्ट व बीएएसएफ या कंपन्यांनी कृत्रिम रंगांची जागतिक बाजारपेठ जवळजवळ व्यापून टाकली. या स्पर्धेची झळ भारतालाही बसली. १८९७ मध्ये बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि भारतातील नैसर्गिक निळीचा व्यापार झपाट्याने कोसळला. बिहारमधील युरोपीय मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंड आणि नुकसानभरपाईच्या नावाखाली कुळांवर लादला. १९१७ मध्ये गांधीजींना चंपारणला जावे लागले, त्यामागच्या कारणांत ऱ्हाईन नदीकाठच्या या प्रयोगशाळेचाही वाटा होता.

प्रतिस्पर्धी आणि ग्राहक

जर्मन मालाची धास्ती ब्रिटनमध्ये लवकरच जाणवू लागली. ब्रिटिश भासणारे नाव किंवा खूण असलेल्या परदेशी मालावर मूळ देशाचे नाव छापणे बंधनकारक करणारा कायदा ब्रिटिश संसदेने १८८७ मध्ये संमत केला. स्वस्त परदेशी माल ग्राहकाला ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू होता, परंतु ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का हळूहळू दर्जाची खूण बनला. १९०३ मध्ये जोसेफ चेंबरलेन यांनी आयात जकातीची मोहीम सुरू केली, म्हणजे परदेशी मालावर कर लावून साम्राज्यांतर्गत व्यापाराला झुकते माप देण्याची मागणी केली. १९०६च्या निवडणुकीत मतदारांनी मुक्त व्यापाराची, पर्यायाने स्वस्त भाकरीची, बाजू घेतली आणि चेंबरलेन यांचा पक्ष पराभूत झाला.

याचा अर्थ असा की, जर्मनीशी व्यापारयुद्ध पुकारण्याची संधी समोर असताना ब्रिटिश जनतेने ती नाकारली. १९१३ मध्ये ब्रिटन ही जर्मन मालाची सर्वांत मोठी बाजारपेठ होती आणि ब्रिटिश मालाच्या ग्राहकांत भारतानंतर जर्मनीचाच क्रमांक लागत होता. जर्मन व्यापारी जहाजांचे विमे लंडनच्या लॉइड्समध्ये उतरवले जात होते. बर्लिनहून कॉन्स्टँटिनोपलमार्गे बगदादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरून दोन्ही देशांत दीर्घकाळ वाद होता. तोही जून १९१४ मध्ये, युद्धाच्या जेमतेम सहा आठवडे आधी, वाटाघाटींनी जवळजवळ मिटला होता. आर्थिक स्पर्धेतून निर्माण होणारे तंटे सोडवण्याची क्षमता दोन्ही सरकारांकडे होती, हे यावरून स्पष्ट होते.

टिर्पिट्झची योजना

जे तंटे सुटले नाहीत त्यांचे मूळ उत्तर समुद्रात होते. १८९७ मध्ये अ‍ॅडमिरल आल्फ्रेड फॉन टिर्पिट्झ जर्मन नौदल खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १८९८ व १९०० मध्ये नौदलविषयक दोन कायदे संमत झाले. पहिल्या कायद्यात १९ युद्धनौकांच्या आरमाराची तरतूद होती, तर दुसऱ्याने ही संख्या ३८ वर नेली. टिर्पिट्झ यांचा सिद्धान्त ‘जोखमीचा सिद्धान्त’ म्हणून ओळखला जातो. जर्मन आरमार ब्रिटिश आरमाराएवढे मोठे असण्याची गरज नाही. ते नष्ट करताना ब्रिटनचे स्वतःचे एवढे नुकसान व्हावे की इतर सत्तांपुढे तो दुबळा ठरेल, आणि त्या भीतीपोटी त्याने जर्मनीशी नमते घ्यावे, असे या सिद्धान्ताचे स्वरूप होते. त्याचा पाया एका गृहीतकावर उभा होता : ब्रिटनचे फ्रान्स आणि रशिया यांच्याशी असलेले वैर कायम राहील.

ब्रिटनची भौगोलिक स्थिती मात्र या हिशेबात नीट धरली गेली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनला लागणाऱ्या गव्हाचा बहुतांश भाग समुद्रमार्गे येत होता. त्यामुळे आरमाराचा पराभव म्हणजे काही आठवड्यांत उपासमार, अशी त्या बेटाची अवस्था होती. जर्मनीच्या अस्तित्वाचा आधार तिचे भूदल होते आणि युरोपातील सर्वांत समर्थ भूदल तिच्याकडे आधीच होते. याच भेदाकडे बोट दाखवत ब्रिटनचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी फेब्रुवारी १९१२ मधील ग्लासगोच्या भाषणात, आरमार ही ब्रिटनची गरज असून जर्मनीच्या बाबतीत ती बरीचशी चैन आहे, असे प्रतिपादन केले. जर्मनीत त्यावर संताप उसळला, पण त्या विधानातील भौगोलिक सत्य नाकारता येण्याजोगे नव्हते.

ड्रेडनॉट आणि करांचे राजकारण

ब्रिटिश नौदलाचे प्रमुख अ‍ॅडमिरल जॉन फिशर यांच्या आग्रहातून फेब्रुवारी १९०६ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीतून ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. आधीच्या युद्धनौकांवर सामान्यतः चार अवजड तोफा असत. हिच्यावर बारा इंची दहा तोफा होत्या आणि वाफेच्या टर्बाइनमुळे तिचा वेग २१ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३९ किलोमीटर, होता. तिच्यापुढे आधीच्या साऱ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या ठरल्या. त्यांत ब्रिटनच्या स्वतःच्या युद्धनौकाही होत्या, त्यामुळे संख्येतील जुनी आघाडी निरर्थक होऊन दोघांची शर्यत जवळजवळ नव्याने सुरू झाली. १९०८ मध्ये जर्मनीने दरवर्षी चार मोठ्या नौका बांधण्याचा निर्णय घेतला. १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये आठ नौकांची मागणी करणारे लोकमत इतके प्रक्षुब्ध झाले की सरकारला अखेर आठ नौका मंजूर कराव्या लागल्या.

या शर्यतीचा निकाल गोद्यांइतकाच करव्यवस्थेने ठरवला. अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी १९०९च्या अर्थसंकल्पात युद्धनौका आणि वृद्धांचे निवृत्तिवेतन या दोन्हींसाठी श्रीमंतांच्या उत्पन्नावर व जमिनीवर कर सुचवले. लॉर्डांच्या सभागृहाने तो फेटाळला, त्यातून घटनात्मक पेच उद्भवला आणि १९११च्या कायद्याने त्या सभागृहाचा आर्थिक विधेयके अडवण्याचा अधिकारच संपला. जर्मनीत प्रत्यक्ष कर प्रामुख्याने घटक राज्यांच्या हाती होते आणि साम्राज्य सरकारची मदार जकात व अप्रत्यक्ष करांवर होती. वारसाकर लावण्याचा चॅन्सेलर ब्यूलो यांचा प्रयत्न १९०९ मध्ये जमीनदारांच्या विरोधामुळे फसला आणि त्यांना पद सोडावे लागले. औद्योगिकदृष्ट्या पुढे गेलेली सत्ता आपली संपत्ती सरकारी तिजोरीत आणू शकली नाही. १९१३ मध्ये जर्मनीने पुन्हा भूदलाच्या विस्ताराला अग्रक्रम दिला, तेव्हा आरमाराची शर्यत ती व्यवहारतः हरली होती.

मित्रांची नवी मांडणी

शर्यतीचा खरा परिणाम राजनीतीत दिसला. दूरवरच्या समुद्रांतील आपली जहाजे मायभूमीकडे वळवता यावीत, यासाठी ब्रिटनला जुनी वैरे मिटवणे भाग पडले. १९०२ मध्ये जपानशी करार झाला, १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी समझोता झाला, आणि १९१२ मध्ये भूमध्य समुद्र फ्रेंच आरमाराकडे व उत्तर समुद्र ब्रिटिश आरमाराकडे अशी विभागणीही ठरली. जे वैर कायम राहील असे टिर्पिट्झ यांनी गृहीत धरले होते, ते त्यांच्याच आरमाराने संपुष्टात आणले. ऑगस्ट १९१४ मध्ये बाल्कनमधील पेचातून युद्ध भडकले आणि जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले, तेव्हा ब्रिटन कोणत्या बाजूला उभा राहणार हे बरेचसे आधीच ठरून गेले होते.

याच काळात अमेरिकेनेही पोलादापासून शेतीपर्यंत ब्रिटनला मागे टाकले होते आणि तिचे आरमारही वाढत होते. तरीही या दोघांत युद्ध झाले नाही. व्हेनेझुएलाच्या सीमेच्या वादात १८९६ मध्ये ब्रिटनने लवाद मान्य केला आणि १९०१च्या करारान्वये मध्य अमेरिकेतील नियोजित कालव्यावरील आपला समान हक्क सोडून दिला. अमेरिकेचे आरमार ब्रिटनच्या उंबरठ्यावर नव्हते, म्हणून माघार घेणे त्याला परवडले. उत्तर समुद्रात मात्र माघार घ्यायला जागाच नव्हती.

अबादानपासून कूतपर्यंत

या शर्यतीची एक शाखा थेट महाराष्ट्रापर्यंत पोचते. अधिक वेगासाठी ब्रिटिश नौदलाने कोळशाऐवजी तेलावर चालणाऱ्या युद्धनौका बांधायला घेतल्या, परंतु ब्रिटनच्या भूमीत कोळसा मुबलक होता आणि तेल नव्हते. म्हणून १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत निम्म्याहून अधिक भागभांडवल घेतले. कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना इराणी आखातालगत अबादान येथे होता. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरताच तो परिसर आणि आखातातील वर्चस्व राखण्यासाठी हिंदुस्थानी फौज मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरवण्यात आली. ती सहावी पूना डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या अलीकडे माघार घ्यावी लागल्यावर ही फौज कूत येथे वेढली गेली आणि जवळजवळ पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिकांसह शरण गेली. त्यांतील कित्येकांचा कैदेत मृत्यू झाला. टिर्पिट्झ आणि फिशर यांच्या आकडेमोडीत या सैनिकांना कधीच स्थान नव्हते, आणि तरीही तिची किंमत त्यांना मोजावी लागली.

ज्या आरमारासाठी जर्मनीने एवढा पैसा आणि एवढी सद्भावना खर्च केली, ते १९१६ मधील जटलंडच्या लढाईचा अपवाद वगळता बहुतेक काळ बंदरातच राहिले, आणि २१ जून १९१९ रोजी स्कापा फ्लो येथे नजरकैदेत असताना त्याच्याच खलाशांनी ते बुडवले.

आज अमेरिका आणि चीन यांच्या स्पर्धेची चर्चा करताना या इतिहासाचा दाखला वारंवार दिला जातो, आणि उगवती सत्ता व प्रस्थापित महासत्ता यांच्यात युद्ध अटळ असते, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. पुरावा या निष्कर्षाच्या बाजूने नाही. परस्परांतील व्यापार शांततेची हमी देत नाही, हे १९१४ ने सिद्ध केले. पण व्यापारातील चढाओढ आपोआप युद्धाकडे नेत नाही, हेही त्याच चार दशकांनी दाखवून दिले. प्रतिस्पर्ध्याच्या जीवनरेषेवरच शस्त्र रोखून त्याला नमवता येईल, असे एका राजधानीने मानले आणि प्रत्येक पावलाला अधिक शस्त्रांनीच उत्तर देता येईल, असे दुसरीने मानले, तेव्हा तडजोडीची जागा आकसत गेली. म्हणून सत्तांच्या बदलत्या क्रमवारीकडे पाहताना कारखान्यांच्या आणि निर्यातीच्या आकड्यांपेक्षा त्या सत्ता आपली संपत्ती कोणत्या शस्त्रांवर, कोणत्या समुद्रात आणि कोणाला भिववण्यासाठी खर्च करत आहेत, याकडे सुज्ञ नागरिकांनी अधिक लक्ष द्यावे; कारण त्या निर्णयांची किंमत अखेर ते निर्णय ज्यांनी घेतलेले नसतात अशा सामान्य माणसांनाच मोजावी लागते.