नॅस घेण्यापूर्वी

घरगुती नॅस म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारा एक लहानसा संगणक. त्याला पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. आत एक ते चार हार्ड डिस्क असतात आणि केबलने तो राउटरला जोडलेला असतो. घरातले मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही त्यातल्या फायली वापरतात, नव्या फायली त्यात ठेवतात. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या तैवानी कंपन्यांच्या तयार पेट्या बाजारात जास्त दिसतात. जुन्या पीसीवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत प्रणाली टाकूनही काम भागते, पण त्याला हौस आणि सवड दोन्ही लागतात.

अशा पेटीची गरज घरात भासू लागली ती मुख्यतः मोबाइलच्या कॅमेऱ्यामुळे. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींना मिळून १५ जीबी जागा फुकट मिळते, आणि एखाद्या लग्नाचे चित्रीकरणच तेवढी जागा खाऊन टाकते. त्यापुढे दरमहा भाडे भरायचे किंवा स्वतःची डिस्क घ्यायची, हे दोनच मार्ग उरतात.

दोन डिस्कच्या पेटीत बहुधा ‘रेड १’ ही मांडणी असते. प्रत्येक फाइल दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिली जाते, त्यामुळे ४ टेराबाइटच्या दोन डिस्क घातल्या तरी वापरायला जागा चारच मिळते. एक डिस्क बिघडली तर काम दुसरीवर चालू राहते आणि नवी डिस्क बसवली की तिच्यावर सारे पुन्हा उतरते. स्वस्त डिस्कचा समूह करून एका महागड्या डिस्कचे काम भागवण्याची ‘रेड’ ही कल्पना १९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडली.

फसगत होते ती नेमकी इथे. रेड फक्त डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून जाते. खंडणीखोर व्हायरसने फायलींना कुलूप लावले तर ते दोन्हीकडे लागते. पेटी चोरीला गेली तर दोन्ही डिस्क तिच्याबरोबर जातात. नॅस घेतला म्हणजे बॅकअप झाला, हा समज त्यामुळे महागात पडतो. नॅसमधल्या मजकुराचाही बॅकअप लागतो.

तो किती असावा, याचा एक सोपा नियम पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केला: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. बाहेरची प्रत कशी कामी येते, याचे एक उदाहरण आहे. ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना, १९९८ साली, पिक्सार कंपनीत एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या. बॅकअप काढून पाहिला तर तोही नीट झालेला नव्हता. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावरच्या प्रतीमुळे बरेचसे काम वाचले. कंपनीकडे यंत्रे कमी नव्हती. कमी पडली ती बॅकअप खरोखर उघडतो का, हे तपासण्याची सवय.

महाराष्ट्रात ‘घराबाहेर’ या अटीला आणखी एक अर्थ आहे. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराने घरेच्या घरे पाण्याखाली गेली. शेजारच्या खोलीत ठेवलेली दुसरी प्रत अशा वेळी उपयोगी पडत नाही. ती दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे असावी किंवा भाड्याच्या क्लाउडवर. क्लाउडचा मार्ग धरणाऱ्याने आधी गणित करावे: १०० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी १ टेराबाइट वर चढवायला सुमारे २२ तास लागतात, आणि प्रत्यक्षात ती पूर्ण वेगाने क्वचितच चालते. पहिली मोठी प्रत बाह्य डिस्कवर काढून पोचवणे बहुधा सोपे जाते.

पेटीपेक्षा डिस्क निवडताना जास्त काळजी घ्यावी. एसएमआर प्रकारच्या डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे जागा वाढते, पण एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि रेडची पुनर्बांधणी रेंगाळते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (म्हणजे लाल) या नॅससाठीच्या मालिकेतल्या काही डिस्क या प्रकारच्या असल्याचे उघड झाले आणि ग्राहकांत गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या, म्हणजे सीएमआर प्रकारच्या डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ मालिकाही नॅससाठीच आहे. दुकानदार काहीही म्हणो, सीएमआर आहे याची खात्री कंपनीच्या तक्त्यावरूनच करावी.

प्रोसेसरची चर्चा घरगुती वापरात फारशी कामाची नाही. साधी गिगाबिट केबल सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट नेते, तेवढा वेग घराला पुरतो. विजेचे मात्र पाहावे. २० वॅट खाणारी पेटी महिन्याला जेमतेम १५ युनिट जाळते, पण लिहिणे चालू असताना वीज गेली तर फायली बिघडू शकतात. यूएसबीने नॅसला इशारा देणारा छोटा यूपीएस असला की पेटी स्वतःहून नीट बंद होते.

आणखी एक पथ्य: नॅस थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवरून थेट दिसणाऱ्या क्यूनॅप पेट्यांनाच गाठले होते. प्रवासातून फायली पाहायच्या असतील तर व्हीपीएन वापरावा. पेटीत ‘स्नॅपशॉट’ची सोयही असावी, म्हणजे फायलींची काल-परवाची स्थिती परत आणता येते.

ज्या घरातला सगळा साठा १ टेराबाइटच्या आत आहे आणि वापरणारे एकदोघेच आहेत, त्या घराने नॅस घेऊच नये. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात, एक घरी आणि एक दुसऱ्या गावी ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी अदलाबदल करावी. खर्च बराच कमी होतो आणि संरक्षण एकट्या नॅसपेक्षा जास्त मिळते.